धागा: औषधांवरचा जीएसटी उतरला, मग दवाखान्याचं बिल तेवढंच का?

बाळीवेसकर

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. घरच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर तर पूर्णच गेला. तरीही दवाखान्याचं बिल हातात पडतं तेव्हा आकडा जवळपास तोच असतो. नवी पेठेतल्या दुकानदारापासून कुंभारीत विड्या वळणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच आहे: कमी झालेले पैसे गेले कुठे?

जाणकारांना विनंती, नेमकं लिहा. कर कुठे लागतो, कुठे दडतो, कुठे परत मिळतो. आणि मुख्य म्हणजे सोलापुरातल्या माणसाने दवाखान्याची पायरी चढताना कोणता कागद हातात ठेवावा. घरं तीन प्रकारची धरा: पगारदार, अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावरचा कामगार आणि विडी कामगार.

हिशोबनीस

आधी गोंधळ दूर करू. दवाखान्याची सेवा जीएसटीतून ‘माफ’ आहे. माफ म्हणजे बिलावर कर लावायचा नाही. पण त्याचबरोबर दवाखान्याने स्वतः खरेदीवर जो कर भरला, तो त्याला परत मिळत नाही. यंत्रं, जागेचं भाडं, सफाईचं कंत्राट, यंत्रांच्या देखभालीचा करार, संगणकप्रणाली या सगळ्यांवर कर भरला जातो, सेवांवर तर बहुतांशी १८ टक्के. तो कुठल्याच ओळीत दिसत नाही. तो खाटेच्या दरात आणि तपासणीच्या दरात मुरलेला असतो. औषधांवरचा दर उतरला म्हणून हा मुरलेला कर उतरत नाही.

दुसरं. दाखल असलेल्या पेशंटला दवाखान्याने दिलेली औषधं उपचाराचाच भाग धरली जातात, म्हणून त्यांच्यावर वेगळा जीएसटी नसतो. पण ती लावली जातात बहुधा छापील किमतीने, आणि छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो. बाहेरच्या पेशंटने त्याच इमारतीतल्या मेडिकलमधून औषध घेतलं तर मात्र रीतसर करासह बिल होतं.

तिसरं, खोली. १८ जुलै २०२२ पासून दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. आयसीयू, सीसीयू, नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग यांना तो नाही. खोली ५,००० ची असेल तर कर शून्य. ५,२०० ची असेल तर कर फक्त वरच्या २०० वर नाही, पूर्ण ५,२०० वर लागतो, म्हणजे रोजचे २६० रुपये.

औषधपेटी

मेडिकलच्या काउंटरवरचा हिशोब सांगतो. लोक धरून बसतात की १२ चे ५ झाले म्हणजे ७ टक्के स्वस्त. तसं होत नाही. छापील किमतीत कर आतच असतो. जुनी किंमत ११२ धरली तर नवी १०५. फरक ११२ मागे ७, म्हणजे सव्वासहा टक्के. ५६० ची स्ट्रिप ५२५ ला यायला हवी. ५ टक्क्यांवरून शून्यावर गेलेल्या मोजक्या औषधांत १०५ चे १००, म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास.

आता चुकतं कुठे ते बघा.

इन्सुलिनवर आधीपासूनच ५ टक्के होता आणि आजही ५ आहे. तिथे किंमत उतरली नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका, त्याने काही गिळलेलं नाही. ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या मात्र १२ वरून ५ वर आल्या, तिथे फरक मागा.

जुन्या साठ्यावर जुनीच किंमत छापलेली असू शकते. कंपनीने नवी दरयादी दिली असेल आणि दुकानात ती लावलेली असेल तर स्ट्रिपवर नवा शिक्का सक्तीचा नव्हता. म्हणून स्ट्रिपवरचा आकडा शेवटचा मानू नका, दरयादी दाखवा म्हणा.

आणि सवलत. दीर्घ आजाराच्या औषधांवर बरेच मेडिकलवाले छापील किमतीवर १० ते १५ टक्के सोडतात. छापील किंमत उतरली आणि त्याच वेळी सवलत १५ ची १० झाली, तर गिऱ्हाइकाला काहीच मिळालं नाही. मागच्या वर्षीचं बिल आणि आजचं बिल शेजारी ठेवून हातातून गेलेली रक्कम बघा. नुसता छापील आकडा बघू नका.

बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला घेणाऱ्यांना खरा फरक कराने पडत नाही, स्वस्त जेनेरिक औषधं विकणाऱ्या सरकारी जनऔषधी केंद्राने पडतो. डॉक्टरांना चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहायला सांगा. एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतील तर तोच मेळ केंद्रात असेलच असं नाही. तेव्हा केंद्रवाल्याने ‘जवळपास तेच’ म्हणून दिलेलं डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका.

विमापत्र

बाळीवेसकर, विम्याच्या हप्त्याचं उत्तर सोपं आहे, पण त्यात एक खाच आहे. २०,००० चा हप्ता करासह २३,६०० होता, आता २०,०००. वैयक्तिक पॉलिसी, कुटुंबाची एकत्र पॉलिसी आणि ज्येष्ठांची पॉलिसी या तिन्हींना ही माफी आहे. गटविम्याला नाही. कारखान्याने कामगारांसाठी काढलेला किंवा बँकेने खातेदारांना दिलेला विमा हा गटविमा असतो, त्यावर १८ टक्के तसाच आहे. मला हे चुकीचं वाटतं. ज्यांना स्वतंत्र पॉलिसी परवडत नाही तेच लोक गटात येतात, आणि कर त्यांच्याच माथी राहिला.

वर हिशोबनीसांनी सांगितलेली भानगड विमा कंपनीलाही लागू आहे. हप्ता माफ झाला, तसा तिला खरेदीवरचा कर परत मिळणं बंद झालं. तो बोजा मूळ हप्त्यात येऊ शकतो. नूतनीकरणाची नोटीस आली की मूळ हप्ता गेल्या वर्षीच्या मूळ हप्त्याशी ताडून बघा, एकूण रकमेशी नको.

आता खोलीभाड्याची गोष्ट, कारण माणसं सगळ्यात जास्त तिथे बुडतात. पॉलिसी ३ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा रोज विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,०००. पेशंटला ६,००० ची खोली दिली, चार दिवस.

खोलीचे झाले २४,०००, कंपनी देणार १२,०००. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, व्हिजिट मिळून ८०,०००. हे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे चढत असतील तर कंपनी यातलेही निम्मेच धरते, ४०,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या ६०,०००. यांना ही कपात लावता येत नाही, ते पूर्ण मिळतात. आयसीयूच्या खर्चालाही लावता येत नाही. म्हणजे १,६४,००० च्या बिलात कंपनीचे १,१२,००० आणि घरचे ५२,०००. शिवाय खोलीवरचा चार दिवसांचा जीएसटी १,२०० वेगळा.

लोक १,२०० च्या करावर चिडतात, आणि ५२,००० कशाने गेले ते कोणी समजावूनच सांगत नाही. कर गेल्यामुळे वाचलेले ३,६०० रुपये खोलीभाड्याची मर्यादा काढून टाकण्यात किंवा विमा रक्कम वाढवण्यात घाला. आणि दाखल होताना विमा खिडकीवर एकच प्रश्न विचारा: माझ्या पॉलिसीत कोणत्या दराची खोली बसते?

टाकळीकर

कंपनीने औषधांवरही निम्मी कपात लावली तर?

विमापत्र

लेखी हरकत घ्या. कपात कोणत्या अटीखाली आणि कोणत्या रकमेवर केली, याचा तक्ता मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. सोलापूरसाठी पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन जातो. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

हिशोबनीस

आयकराकडे येतो. ‘विमा काढा, कर वाचवा’ हे वाक्य आता बहुतेक घरांसाठी खरं राहिलेलं नाही. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर मिळणारी ८० डी कलमाची वजावट फक्त जुन्या पद्धतीत आहे. सोलापुरातल्या बहुसंख्य पगारदारांचा कर नव्या पद्धतीत आधीच शून्य असतो, त्यामुळे ८० डी चा त्यांना काहीच उपयोग नाही. विमा काढायचाच, पण आजारपणासाठी.

ज्यांना जुनी पद्धत परवडते (गृहकर्जाचं व्याज, घरभाडे भत्ता, ८० सी कलमाखालची गुंतवणूक), त्यांच्यासाठी आकडे असे: स्वतः, जोडीदार आणि मुलं मिळून २५,०००, आईवडिलांसाठी आणखी २५,०००. जिथे ६० वर्षांवरची व्यक्ती आहे तिथे मर्यादा ५०,०००. आईवडील तुमच्यावर अवलंबून असलेच पाहिजेत असं नाही.

सगळ्यात जास्त सुटणारी तरतूद ही: ६० वर्षांवरच्या आईवडिलांचा विमाच नसेल, तर त्यांच्या औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्च त्याच ५०,००० च्या मर्यादेत वजा होतो. महिन्याच्या गोळ्या, डॉक्टरांची फी, तपासण्या, सगळं. अट एक, पैसे रोखीने दिलेले नकोत. यूपीआय, कार्ड, चेक चालतो. रोख फक्त ५,००० पर्यंतच्या प्रतिबंधात्मक तपासणीला चालते, आणि ती रक्कमही आधी सांगितलेल्या मर्यादेतच मोजतात, वेगळी नाही. एजंटच्या हातात रोख हप्ता दिला तर वजावट गेली.

कॅन्सर, किडनी निकामी होणं, थॅलेसेमिया, हिमोफिलिया अशा ठरावीक आजारांसाठी ८० डीडीबी आहे. ४०,००० पर्यंत, ज्येष्ठांसाठी १ लाख. त्या शाखेच्या तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि विम्याने दिलेली रक्कम त्यातून वजा होते. अपंग व्यक्ती सांभाळणाऱ्यासाठी ८० डीडी: खर्च किती झाला याची पर्वा न करता ७५,०००, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००.

पगारदाराने जुनी पद्धत विवरणपत्रातच निवडायची, तीही मुदतीच्या आत. मुदत चुकली की जुनी पद्धत निवडता येत नाही, मग वर्षभर जपलेल्या पावत्या फुकट. व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याने जुनी पद्धत निवडण्यासाठी आधी फॉर्म १०-आयईए भरायचा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. मी इथे २०२५-२६ च्या विवरणपत्रासाठीचे जुने क्रमांक वापरलेत.

कुंभारीची अक्का

दादा, हे सगळं आयकर भरणाऱ्यांचं झालं. विड्या वळणाऱ्या बाईला ८० डी शी काय देणंघेणं? पण कराशी तिचाही संबंध आहे, आणि तो कोणी सांगत नाही.

१९७६ च्या कायद्याने विड्यांवर वेगळा उपकर होता. त्याचा पैसा विडी कामगार कल्याण निधीत जायचा, आणि विडी कामगारांचे दवाखाने, पोरांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलाची मदत त्यातून चालायची. जीएसटी आला तेव्हा, २०१७ साली, तो उपकर रद्द झाला. विडीवर २८ टक्के जीएसटी बसला, पण त्यातला एकही रुपया या बायांच्या दवाखान्यासाठी बांधलेला नाही. आता केंद्राच्या अर्थसंकल्पात जे ठरेल ते. तेंदूपानावरचा कर १८ वरून ५ झाला, १ फेब्रुवारी २०२६ पासून विडीवरचाही २८ वरून १८ झाला. कारखानदाराला दिलासा मिळाला. मग हजार विड्यांच्या मजुरीत आणि दवाखान्याच्या गोळ्यांत त्यातलं किती उतरलं, हे विचारायचा हक्क या बायांना आहे.

कामाचं तेवढं सांगते. विडी कामगाराचं ओळखपत्र सांभाळा. कार्डावरचं, आधारवरचं आणि रेशन कार्डावरचं नाव एकच असू द्या. आपल्याकडे तेलुगू-कन्नड घरांत आडनाव एका कागदावर आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असतं, आणि दवाखान्याच्या खिडकीवर गाडी तिथेच अडते. आजारी पडायच्या आधी दुरुस्त करून घ्या. तंबाखूच्या धुळीने दमा, खोकला असेल तर दवाखान्याच्या केसपेपरवर ‘विडी काम’ आणि किती वर्षांचं, हे लिहून घ्या.

सातरस्ता

अक्कांच्या मुद्द्याला जोडून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डवाल्यांना, पांढऱ्या कार्डालाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. उत्पन्नाची अट गेली, पण बरीच माणसं अजून ‘आपलं कार्ड पांढरं आहे’ म्हणून विचारतही नाहीत.

क्रम असा ठेवा. योजनेत असलेल्या दवाखान्यात शिरलात की आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल शोधा, बिलिंगचं नाही. रेशन कार्ड, आधार, फोटो असलेलं ओळखपत्र. आरोग्यमित्र नोंद करतो, डॉक्टर निदान लिहितात, तपासण्यांसह पूर्वमंजुरीचा अर्ज जातो. अपघात किंवा हार्ट अटॅक असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात, कागद मागून दिले तरी चालतात. घरी सोडल्यावरही १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं योजनेतच असतात.

बिघडतं ते मुख्यतः एका ठिकाणी: पेशंट आधी रोखीचा म्हणून दाखल होतो, अनामत भरली जाते, तिसऱ्या दिवशी कोणीतरी योजनेचं नाव काढतं. तोवर खर्च झालेला असतो आणि तो परत मिळवणं फार अवघड. दुसरं कारण, सून किंवा लहान मूल रेशन कार्डावर चढवलेलं नसतं. पैसे मागितले तर १५५३८८ वर तिथूनच फोन लावा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

७० वर्षांवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं, उत्पन्न कितीही असो. आधार एवढं पुरतं.

यातली मोठी उणीव ही की नुसत्या ओपीडीचा खर्च योजनेत येत नाही. महिन्याच्या गोळ्या, दाखल न होता केलेला एमआरआय, हे खिशातूनच.

टाकळीकर

पण सरकारी दवाखाने २०२३ पासून मोफतच आहेत ना? मग सिव्हिलला पावती का फाडतात?

सातरस्ता

१५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाचे दवाखाने: प्राथमिक आरोग्य केंद्रं, अक्कलकोटचं ग्रामीण रुग्णालय, पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय. आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं. तो निर्णय त्याला लागू नव्हता. दर खासगीच्या मानाने किरकोळ आहेत, आणि फुले योजना तिथेही चालते, म्हणून तिथेही आधी आरोग्यमित्र गाठा.

हिशोबनीस

धर्मादाय रुग्णालयांचं राहिलं. ट्रस्टच्या दवाखान्यांना आयकरात सूट असते. त्या बदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. त्यासाठी दवाखान्याने इतर पेशंटांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. तो तुमच्याआमच्या करातून सुटलेला पैसा आहे. मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड लागतं. दाखला महा ई-सेवा केंद्रातून काढा, तो घरात आधीच असू द्या. दवाखान्यातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. खाट शिल्लक नाही म्हणाले तर तेवढंच लिहून मागा आणि धर्मादाय सह आयुक्त कार्यालयात जा. तातडीच्या पेशंटला अनामत मागून अडवता येत नाही, आधी दाखल करून जीव स्थिर करणं बंधनकारक आहे.

मागवाला

कारखान्यातल्यांसाठी थोडक्यात. १० किंवा जास्त माणसं आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. १२,००० पगारावर कामगाराचे ९० आणि मालकाचे ३९० रुपये, म्हणजे महिन्याला ४८० मध्ये सगळं कुटुंब. शिवाय आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. एवढ्या पैशात हे कुठलीच खासगी कंपनी देत नाही.

भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनला कामी येते, ऑक्टोबर ते मार्चची जुलै ते डिसेंबरला. मालकाने दोन-तीन महिने हजेरी कमी दाखवली तर कामगाराला त्याचा फटका सहा महिन्यांनी बसतो आणि कारण कळतही नाही. दर महिन्याला आपल्या विमा क्रमांकावर किती दिवस चढले ते पोर्टलवर बघा. पगार मध्येच २१,००० च्या वर गेला तरी चालू वर्गणी काळ संपेपर्यंत विमा राहतो. बायको-मुलांची नावं चढवलेली नसतील तर होटगी रोडच्या कामगार विमा रुग्णालयात त्यांची नोंदच सापडणार नाही.

औषधपेटी

हिशोबनीस, वर तुम्ही मुरलेल्या कराचं लिहिलंत. मग दवाखान्यांना तो परत द्यावा, असं का नाही करत?

हिशोबनीस

तशी मागणी आहे, पण माझं मत वेगळं. परतावा सगळ्यात जास्त त्यालाच मिळेल ज्याची यंत्रं सगळ्यात महाग, आणि तो दर उतरवेल याची हमी कुठल्याच कायद्यात नाही. तोच पैसा सिव्हिलच्या औषधसाठ्यात गेला तर चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलला धावणं थांबेल. आयकरावर आपण ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर भरतो. उपकराच्या रकमेत राज्यांना वाटा नसतो, त्यामुळे त्यातला राज्याच्या दवाखान्यापर्यंत किती पोचावा, हे केंद्राच्या योजनांवर ठरतं. भांडायचं तर तिथे भांडायला हवं.

टाकळीकर

दोन शेवटचे प्रश्न. अडीच लाखांचं बिल रोज पन्नास-पन्नास हजार रोख देऊन फेडलं तर चालतं का? आणि सासू-सासऱ्यांचा विम्याचा हप्ता जावयाने भरला तर वजावट?

हिशोबनीस

रोख नाही चालत. एकाच आजारपणात एकदा दाखल झाल्याची रक्कम म्हणजे एकच प्रसंग धरला जातो, तुकडे केले तरी. २ लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्यावर तेवढाच दंड आहे. देणाऱ्यावर नसला तरी त्याची ८० डी, ८० डीडीबी ची बाजू कमजोर होते. एप्रिल-मे २०२१ मध्ये कोरोनासाठी दवाखान्यांना दिलेली सूट तेवढ्यापुरतीच होती.

सासू-सासरे ८० डी मध्ये जावयाला चालत नाहीत, भाऊ-बहीणही नाही. मुलीचं स्वतःचं करपात्र उत्पन्न असेल तर हप्ता तिच्या खात्यातून जाऊ द्या आणि पावतीवर पैसे भरणारी म्हणून तिचंच नाव घ्या. तिचे ते आईवडील आहेत, वजावट तिला मिळते.